आईशेजारचा दगड

पाव आणायला मी रोज ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्यावर मे महिन्यातल्या एका मंगळवारी एक बाई गुडघे टेकून बसली होती. गुडघ्यांखाली तिने बागकामाची रबरी गादी घेतली होती आणि हातातल्या फडक्याने ती फरसबंदीत बसवलेलं काहीतरी पितळी घासत होती. वळसा घालून पुढे गेले असते, पण तिथे वाट अरुंद आहे, एका बाजूला सायकली लावलेल्या असतात, आणि माझे गुडघे असे की एकदा थांबले की पुन्हा चालू व्हायला वेळ घेतात. म्हणून तिचं घासून होईपर्यंत मी उभी राहिले. उभं राहिलं की मी वाचते. साठी उलटल्यावर अक्षरं शिकलेल्या माणसाला ही खोडच लागते. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, ट्रामच्या दारावरच्या सूचना, समोर येईल ते. इतरांची नजर अक्षरांवरून घसरत जाते, माझी प्रत्येक अक्षरावर चढते आणि उतरते. तर मी खाली वाचलं. इथे. राहत. होती. मग नाव. का-रो-ली-ने. तोवर मला काही झालं नाही, कारोलीने नावाच्या बायका पुष्कळ असतात. पुढे लाउबिंगर आलं. मग जन्माचं साल, हद्दपारीचं साल, ऑशविट्झ, आणि शेवटी एकच शब्द, खून. तोंडात पितळेची चव आली, जणू मी ती अक्षरं जिभेने चाटून वाचली होती. आणि मग लक्षात आलं की मी मोठ्याने वाचलं होतं. मला मनातल्या मनात अजून वाचता येत नाही, ओठ हलतात, आवाज निघतो. आम्हा सिंती लोकांत, ज्यांना बाहेरचे जिप्सी म्हणतात, मेलेल्या माणसाचं नाव तोंडाने घेत नाहीत. सहासष्ट वर्षं न घेतलेलं आईचं नाव मी लिंडनच्या रस्त्यावर, पाववाल्याच्या दुकानापासून वीस पावलांवर, एका परक्या बाईसमोर घेऊन बसले होते.

"ओळखीचं आहे का नाव?" बाईने मान वर न करता विचारलं.

"मी आपली वाचत होते."

"वाचा, वाचा. ज्यांना इथून नेऊन मारलं, त्यांच्या दारासमोर त्यासाठीच बसवलेत. ठेचेचे दगड म्हणतात लोक, पण ठेच कोणाला लागतेय? विसांतले एकोणीस जण फोनमध्ये डोकं घालून वरून चालत जातात."

"आणि विसावा?"

"विसाव्याचा कुत्रा थांबतो, म्हणून तो थांबतो." मग तिने फडकं झटकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "गेल्या गुरुवारी बसवलेत. पाच दिवस नाही झाले, तर कोणीतरी च्युइंगम चिकटवून गेलं. मी सीवर्स. या चौदा नंबरातच राहते, वरच्या मजल्यावर. पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आता हे करते."

दगड दोन होते, तळहाताएवढे, एकमेकांना खेटून. दुसरा मी वाचला नव्हता. सीवर्सबाईने पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला, तुम्हाला रस असेल तर यात सगळं आहे म्हणाली. मी तिला सांगितलं नाही की ही माझी आई. का सांगितलं नाही हे तिला कदाचित कळणार नाही. आमच्या लोकांना कोणाच्या यादीत सापडायला आवडत नाही, मग ती यादी कितीही चांगल्या माणसाने केलेली असो. मी आभार मानले आणि पाव न घेताच घरी आले.

तो कागद वाचायला मला दुपार लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग घेऊन बसले, एक एक ओळ बोटाखाली धरून. बाहेर उन्हाची पट्टी टेबलावरून जमिनीवर उतरली, जमिनीवरून कपाटावर चढली. कारोलीने लाउबिंगर अमुक सालापासून चौदा नंबरच्या घरात, मागच्या अंगणातल्या खोलीत राहत होती. अडतीस साली तिला शहराबाहेरच्या दलदलीतल्या तळावर नेऊन ठेवलं. तिला दोन मुली होत्या. मोठी ओटिली, जन्म एकोणीसशे बत्तीस, जानेवारी. तिचं पुढे काय झालं याचा पत्ता लागत नाही. धाकटी आल्विने, जन्म एकोणीसशे पस्तीस, जुलै. त्रेचाळीसच्या मार्चमध्ये तिला आईबरोबर नेलं, त्याच वर्षी ती मारली गेली, वय वर्षं सात. हे मी तीनदा वाचलं. मला वाटलं मी ओळी चुकवते आहे, वर्गात चुकवायची तशी. बोटाऐवजी पट्टी ठेवली आणि पुन्हा वाचलं. मोठी ओटिली, धाकटी आल्विने. ओटिली मी आहे. माझ्या ओळखपत्रावर, लग्नाच्या दाखल्यावर, दाराच्या घंटीवर ओटिली आहे. पत्ता लागत नाही म्हणतात, कारण लग्नानंतर आडनाव बदललं. पण आईच्या दोन मुलींतली मोठी मी नाही. मी धाकटी.

आमच्यात प्रत्येकाला दोन नावं असतात. एक घरातलं, ज्याने आई हाक मारते. दुसरं कागदावरचं, ते गाज्यांसाठी, म्हणजे जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी: पोलीस, दवाखाना, शाळा. माझा नवरा वारला तेव्हा त्याच्या सख्ख्या भावाला त्याचं कागदावरचं नाव मला विचारावं लागलं. आईने मला झिला म्हणूनच हाक मारली, दुसरं काही नाव असेल असं मला वाटलंही नव्हतं. बहिणीचं घरातलं नाव मला ठाऊक आहे. ते मी इथे लिहिणार नाही. कागदावरचं तिचं काय नाव होतं हे मला कधी माहीत नव्हतं, आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं. मी ते नाव आयुष्यभर अंगावर घालून हिंडले. दारोदार लेस आणि टेबलक्लॉथ विकले, त्याच नावाने लग्न केलं, तीन मुलं जन्माला घातली, साठी उलटल्यावर वर्गात बसून पहिलं अक्षर काढलं ते ओ. बाई म्हणाल्या होत्या, स्वतःच्या नावापासून सुरू करा.

आता तो कोट आठवतो. आधीही आठवायचा, पण वेगळा. निळा, जाड लोकरीचा, कोणा गाज्या बाईने दिलेला, बहिणीच्या मापाचा. दलदलीतल्या तळावर हिवाळ्यात सगळं ओलं असायचं, गाड्यांची चाकं, सरपण, केस. पाण्याचा एकच पंप, त्याची दांडी पकडली की तळवा चिकटायचा. त्यांना नेलं त्याच्या आदल्या आठवड्यात आई संध्याकाळी कोटाच्या अस्तराला टाके घालत होती हे मला दिसतं. तिच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात आमचे कागद. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद तिला बरोबर ओळखता यायचे. एकावर मेणाचा डाग होता, दुसऱ्याची कड उंदराने कुरतडली होती. डागावरून तो कोणाचा हे ती अंधारातही सांगू शकली असती. आईची चूक झाली असणार, असा विचार त्या दुपारी माझ्या मनात आला आणि लगेच गेला. आईने मोठीचा कागद मोठीच्या कोटात शिवला होता. बेर्टा मावशीचा नवरा गाजा, गुस्ताव काका, कोळसा वाहणाऱ्या बोटीवर काम करायचा. गाज्याची बायको म्हणून मावशीला अजून कोणी हात लावला नव्हता. दोघींना लपवणं शक्य नव्हतं, एकीला कदाचित जमेल. काकाने आम्हाला एकदाच पाहिलेलं, तेही पांघरुणात झोपलेलं. त्याला एवढंच सांगितलेलं असणार की सकाळी पंपाजवळ निळ्या कोटातली मुलगी उभी असेल, तिला घेऊन ये.

मला आठवतं ते असं. धुकं आहे. बहीण माझ्यासमोर उकिडवी बसली आहे आणि कोटाची बटणं लावते आहे, खालून वर. तिची बोटं लाल झाली आहेत. बाह्या माझ्या हातांच्या पुढे लोंबताहेत. मी कुरकुर करते आहे की मला चालता येत नाही. ती कानाशी येऊन म्हणते, "गप. पंपाजवळ जाऊन उभी राहा. काका तुला बोट दाखवणार आहे. खरीखुरी बोट."

"आणि तू?"

"मी आईला सांगून येते."

ती आली नाही. काका आला, त्याने कोट पाहिला, मला उचलून हातगाडीत गोणपाटाखाली घातलं. मी बोटीवर संध्याकाळपर्यंत तिची वाट पाहिली. खरं सांगायचं तर पुढे कितीतरी वर्षं मी तिच्यावर रागावले होते. येते म्हणाली आणि आली नाही. मेलेल्यांवर रागावू नये म्हणतात, पण मी सात वर्षांची असताना रागावले होते आणि तो राग कधी मोठा झालाच नाही, सातच वर्षांचा राहिला. मावशीने मला दिव्याजवळ नेलं, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खूप वेळ. मग म्हणाली, कोट काढ. अस्तर उसवून तिने कागद काढला, तिला थोडं वाचता यायचं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल. पण ती म्हणाली, "आजपासून तू अकरा वर्षांची. आजपासून तू ओटिली. दुसरं नाव विचारलं तर तुला माहीत नाही." मला वाटलं कोणाचातरी खोटा कागद मिळवलाय. लढाई संपली तेव्हा मी दहाव्या वर्षात होते आणि कागदावर चौदाची होऊ घातले होते. चौदाव्या वर्षी शाळा संपते, म्हणून ती माझी सुरू होण्याआधीच संपली. मावशीने मला कधी काही सांगितलं नाही. आई आणि बहीण दोघी गेल्या एवढंच तिने एकदा सांगितलं, बटाटे सोलताना, आणि सोलणं थांबवलं नाही. बहीण डब्यात उरलेल्या माझ्या कागदावर, माझ्या नावाने गेली हे तिला ठाऊक असेल का? बहिणीचं नाव ती मला रोज हाक मारताना घेत होती, पंचवीस वर्षं, दिवसातून पन्नास वेळा. आमच्यात मेलेल्यांचं नाव घेत नाहीत. कधी कधी ओटिली म्हणता म्हणता ती मध्येच थांबायची, आणि मला वाटायचं तिला दम लागतो.

रविवारी रिगो आला, माझा मोठा मुलगा. बटाट्याचं सॅलड घेऊन आला, बायकोने दिलेलं. तो जुनी घड्याळं आणि कपाटं विकत घेतो, दुरुस्त करून विकतो. कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करून बघतो. त्याने कागदही वाचायच्या आधी उलटा करून पाहिला. मग वाचला. मी त्याला कोटाचं सांगितलं. तो सॅलडच्या डब्याचं झाकण काढून पुन्हा लावत राहिला.

"म्हणजे आई," तो शेवटी म्हणाला, "तुझ्या पंच्याहत्तरीचा केक आपण साडेतीन वर्षं आधीच खाल्ला."

"चांगला होता."

"बदामाचा होता." मग त्याने डोळे पुसले. "त्या बाईला आत्ताच्या आत्ता फोन करूया. दगड चुकलाय."

"रविवारी कोणाला फोन करतात का?"

"आई, टाळू नकोस. आपल्या लोकांबद्दल या गावाने कागदांचे ढीग लिहिले. डोकी मोजली, नाकं मोजली, सगळं चुकीचं लिहिलं. एक गोष्ट तरी त्यांना बरोबर लिहू दे."

"आणि तिचं नाव लोकांच्या बुटांखाली?"

"आत्ता कोणाचं आहे? तुझंच ना? ते चालतं?"

"मला सवय आहे."

तो हसला, पण हट्ट सोडला नाही. म्हणाला, कागदावरचं नाव गाज्यांचंच आहे, त्यांच्यासाठी दिलेलं, ते त्यांना वाचू दे. घरातलं नाव तर तू मलाही सांगितलेलं नाहीस. त्याचं म्हणणं बरोबर होतं. "तिने तुला वाचवलं, आई. तिला तिचा दगड तरी मिळायला नको का?" मी म्हटलं, विचार करते. वाचवलं हा शब्द मला पटला नाही. अकरा वर्षांच्या मुलीला कोणाला वाचवायचं हे समजत नाही. तिला एवढंच समजतं की आईला सोडून जायचं नाही. आईने तिला जा म्हटलं आणि ती गेली नाही, कोट दुसरीच्या अंगात घातला आणि परत जाऊन आईच्या कुशीत शिरली असेल. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. कोट माझ्या मापाचा असता तर. बिनकोटाची मोठी मुलगी दारात परत आलेली पाहिली तेव्हा आईचा चेहरा कसा झाला असेल, याच्या पुढे मला विचार करता येत नाही. कितीही वेळा निघाले तरी तिथून मी मागे फिरते.

एक गोष्ट मी रिगोला सांगितली नाही. कोणालाच नाही. मला तिचा हेवा वाटतो. तिथे काय झालं हे मला ठाऊक आहे; वाचता येत नव्हतं तेव्हाही ऐकून ठाऊक होतं, आणि वाचता आल्यावर मी जे वाचायला नको तेही वाचलं. तरी वाटतो. तिला आई मिळाली. शेवटपर्यंत आईचा हात, आईचा वास, ओल्या लोकरीचा आणि धुराचा. मला मावशीचं दार मिळालं, बोटीच्या तळाशी हलणारा दिवा मिळाला, चौऱ्याहत्तर वर्षं मिळाली. नवरा चांगला मिळाला, तो मला त्याने ठेवलेल्या नावाने हाक मारायचा. पण बाजारात मागून कोणी एखाद्या लहान मुलीला हाक मारली की माझ्या मानेवरचे केस अजून उभे राहतात. झिला म्हणून मला शेवटची हाक बहिणीने मारली असेल, किंवा आईने, आदल्या रात्री. ती हाक मी नीट ऐकली नाही. तेव्हा कोणाला माहीत होतं की ती नीट ऐकायची आहे.

आणि आता दगड. चौदा नंबरसमोर दोन दगड एकमेकांना खेटून आहेत. एकावर आई आहे. दुसऱ्यावर आल्विने. आल्विने मी आहे, जरी मला त्या नावाने आजवर कोणी बोलावलं नाही. सहासष्ट वर्षं मला जिथे जायचं होतं तिथे मी कोणाच्या तरी चुकीने पोहोचले होते. पितळेत, हाताने ठोकलेल्या अक्षरांत, आईच्या शेजारी. मी काही बोलले नाही तर तिथेच राहीन. बोलले तर मला उचलतील आणि तिला तिथे ठेवतील, जी खरोखर तिथे होती. हे इतकं सरळ होतं की त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी मी तीन आठवडे विचार करते आहे असं रिगोला सांगत राहिले.

त्या तीन आठवड्यांत मी रोज पाव आणला. कधी दोनदा. फ्रीजरचा खण बंद होईना. पाववाली पोरगी विचारायला लागली, "आजी, लग्नबिग्न आहे का घरी?" मी म्हणायचे, हो, नवरदेव शोधतेय. मग चौदा नंबरसमोर येऊन उभी राहायचे. सकाळी दहाच्या सुमाराला ऊन तिथे तिरपं येतं आणि दोन्ही दगड एकदम पेटल्यासारखे होतात, पाच-सात मिनिटं. मी मोठ्याने वाचत नव्हते. मी मनात वाचायला शिकले ते तिथे, त्या आठवड्यांत. ओठ न हलवता, आधी आईचं, मग माझं. कोणी सायकलवाला घंटी वाजवायचा, कोणी म्हणायचं, मावशी, हरवलात का? मी म्हणायचे नाही. आणि खरंच हरवले नव्हते. दारात बसल्यासारखं वाटायचं, आई आत काहीतरी करते आहे आणि आता बाहेर येईल असं. रात्री झोप चांगली लागायची. याची मला लाज वाटायची, पण झोप लागायची.

मग जूनमधल्या एका सकाळी माझ्या दगडावर एक बाहुली होती. लोकरीची, पिवळ्या वेण्यांची, बोटभर. आईच्या दगडावर गुलाब आणि माझ्यावर बाहुली. कोणीतरी खाली वाकून साल वाचलं असेल, वजाबाकी केली असेल, सात वर्षांची म्हणून बाहुली आणली असेल. चांगलं माणूस असणार. मला पहिल्यांदा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. मला कोणी बाहुली दिली नव्हती. मी सायकलीच्या दांड्याला धरून खाली वाकले आणि ती हातात घेतली. आणि हातात घेतल्यावर दिसलं. बहीण सात वर्षांची नव्हती. ती अकरा वर्षांची होती, उंच, गुडघ्यांवर खरचटलेली, नाक वर करून बोलणारी. बाहुल्या तिने दोन वर्षांपूर्वीच सोडल्या होत्या आणि बाहुल्या खेळणाऱ्यांना ती हसायची. या रस्त्यावर रोज शेकडो माणसं जात होती आणि त्यातली थांबणारी माणसं एका अशा मुलीसाठी हळहळत होती जी मेली नव्हती, जी वर उभी राहून पावाची पिशवी सांभाळत होती. बहिणीसाठी कोणी हळहळत नव्हतं. कागदात लिहिलं होतं, पत्ता लागत नाही. ही बाहुली तिच्यासमोर धरली असती तर ती काय म्हणाली असती हे मला स्वच्छ ऐकू आलं, तिच्या आवाजात, जो मला वाटत होतं मी विसरले आहे. हे घे, झिला, तुझंच आहे. तिने पुन्हा मलाच दिलं असतं. आणि मी पुन्हा घेतलं असतं. तीन आठवडे मी तेच करत होते.

मी चौदा नंबरची घंटी वाजवली. जिना चढवेना, म्हणून सीवर्सबाईच खाली आल्या, हाताला पीठ लागलेलं, आणि आम्ही पायरीवर बसलो. मी त्यांना सांगितलं. क्रमाने सांगता आलं नाही, कोट आधी आला, आई नंतर. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. पस्तीस वर्षं पोरांसमोर बोललेली बाई, पण ऐकता येत होतं तिला.

"म्हणजे तुम्ही आल्विने," त्या म्हणाल्या.

"कागदावर."

"आणि मी तुमच्या समोर तुमच्याच नावाला पॉलिश करत होते." त्यांनी पिठाच्या हाताने कपाळ धरलं. "अरे देवा. आणि तुम्हाला कुत्र्याचा विनोद सांगितला."

"विनोद चांगला होता."

दगड नवा करता येईल, त्या म्हणाल्या. अक्षरं हातानेच ठोकतात, यादी लांब आहे, सप्टेंबर उजाडेल. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पण आपण तिसराही बसवूया! जे वाचले त्यांचेही दगड आम्ही बसवतो, कुटुंब पुन्हा एकत्र यावं म्हणून. तुम्ही तिघी. तुमचाही, त्यांच्या शेजारी." त्या इतक्या सहज म्हणाल्या, जणू टेबलाशी आणखी एक खुर्ची ओढायची होती.

"जिवंत माणसाचं नाव आम्ही जमिनीत घालत नाही," मी म्हटलं.

"मग तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर मी कुठे अडवायला येणार आहे? रिगोला विचारा."

हे खरं होतं, आमच्यात तसं करत नाहीत. पण त्यासाठीच मी नाही म्हटलं का, हे मला ठाऊक नाही. बहीण तिथे आईबरोबर एकटी होती. एवढा वेळ तिला तसंच एकटं राहू द्यावं असं वाटलं. मधे पडू नये. सीवर्सबाई म्हणाल्या, "मग तुमच्या आईजवळ तुमचं काहीच राहणार नाही."

"नाही."

त्या माझा हात धरून बसल्या. पीठ माझ्याही हाताला लागलं. मग वर काहीतरी जळायला लागलं आणि त्यांना पळावं लागलं.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी सकाळी आम्ही बारा-पंधरा जण जमलो. रिगो, त्याची बायको, मुलं. आमच्यातले चार-पाच म्हातारे, काळे कोट घालून, जरा लांब उभे, दगडांवर पाय पडू नये म्हणून खाली बघत. सीवर्सबाईच्या गटातले लोक. दगड बसवणाऱ्या माणसाने छिन्नी लावून जुना दगड उचकटला. तो सहज निघाला. त्याने तो बादलीत ठेवला, माती वर आणि पितळ खाली. त्याच्या जागी जो चौकोनी खड्डा राहिला, त्यात त्याने हात घालून वाळू सारखी केली, आणि मी आईच्या दगडाची ती उघडी पडलेली बाजू बघत होते, जिला जवळजवळ चार महिने मी खेटून होते. मग त्याने नवा दगड घातला, रबरी हातोडीने चारही कोपऱ्यांवर ठोकला, फटीत वाळू लोटली, पाणी ओतलं. तो चांगला बसला. आईला अगदी टेकून बसला. रिगो कानाशी म्हणाला, "ठीक आहेस ना?" मी मान हलवली. मला दुःख झालं असं म्हणता येणार नाही. खूप दिवस हातात धरलेलं कोणाचं तरी ओझं खाली ठेवलं की हात आपोआप वर येतात, तसं.

मग सीवर्सबाई पुढे आल्या, चष्मा लावला, कागद उलगडला. त्यांनी मला आधी विचारून घेतलं होतं की नावं मोठ्याने वाचलेली चालतील का, आणि मी हो म्हटलं होतं, कागदावरची चालतील. त्यांनी आईचं नाव वाचलं, जन्म वाचला, पुढचं वाचलं. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एक ट्राम कोपऱ्यावरून गेली, ती जाईपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी स्वच्छ, शिक्षिकेच्या आवाजात पुढचं नाव घेतलं.

"ओटिली लाउबिंगर."

दवाखान्यात, कचेरीत, दुकानाच्या रांगेत सहासष्ट वर्षं ज्या हाकेला मी उठले, तीच हाक होती. मी विचार करायच्या आत माझा हात वर गेला.

"आहे," मी म्हटलं. "मी इथे आहे."

रिगोने माझ्या दंडाला धरलं. कोणी हसलं नाही. सीवर्सबाईंनी कागदावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढची ओळ वाचायला त्यांनी थोडा वेळ घेतला.